सोयाबीनचे घरचे बियाणे : राखण आणि विक्री

शेतकऱ्याच्या घरात बियाण्यासाठी जी धान्ये राखून ठेवली जातात, त्यांत सोयाबीन सर्वांत नाजूक. ज्वारीची निवडक कणसे आढ्याला बांधून ठेवली तरी पुढच्या हंगामात उगवतात. गहू उन्हात वाळवून कोठीत भरला की त्याकडे फारसे पाहावे लागत नाही. तूर-हरभऱ्याला भुंगेरे लागतात, पण राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून त्यांचा बंदोबस्त करण्याची रीत घरोघरी ठाऊक आहे. भुईमूग तर शेंगेतच ठेवायचा असतो. त्याचे कवचच त्याला सांभाळते. सोयाबीनला यांपैकी कोणताच आधार नाही. दाण्याची साल पातळ, अंकुर त्या सालीच्या अगदी लगत आणि दाण्यात जवळजवळ पंचमांश तेल. मार बसला की अंकुर दुखावतो, ओल आणि उष्णता वाढली की दाणा आतून म्हातारा होतो, आणि बाहेरून मात्र तो तसाच पिवळा, टपोरा दिसत राहतो. बीजप्रमाणीकरणाच्या मानकांतही हा फरक मान्य केलेला आहे. प्रमाणित बियाण्याची किमान उगवणशक्ती गहू आणि हरभऱ्यासाठी ८५ टक्के, भातासाठी ८० टक्के, ज्वारी आणि तुरीसाठी ७५ टक्के आहे. सोयाबीनसाठी ती ७० टक्के धरली जाते.

आमच्या मांजरा खोऱ्यात, म्हणजे लातूर, बीड, धाराशिवच्या काळ्या रानांत, खरिपाची बहुतेक जमीन आता सोयाबीनखाली असते. राज्यातले क्षेत्र अलीकडच्या वर्षांत ५० लाख हेक्टरांच्या आसपास पोहोचले आहे. हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो बियाणे धरले, तर एका पेरणीला ३७ लाख क्विंटलांहून अधिक बी लागते. एवढे बियाणे अकोल्याचे महाबीज आणि सगळ्या खाजगी कंपन्या मिळूनही पुरवत नाहीत. उरलेली मोठी गरज शेतकऱ्यांच्या घरांतून भागते. सोयाबीन स्वपरागीकरणाचे पीक असल्याने हे शक्य होते. संकरित कपाशीसारखे त्याचे बी दरवर्षी नवे घ्यावे लागत नाही. एकदा प्रमाणित बियाणे आणले की पुढची दोन-तीन वर्षे त्याच्याच उत्पादनातून पेरता येते. म्हणूनच जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा जेएस-३३५ हा वाण १९९४ साली प्रसारित झाल्यावर घराघरांतून, हातोहात मराठवाडा-विदर्भभर पसरला. परभणीच्या विद्यापीठाचा एमएयूएस-७१ आणि कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचे फुले संगम, फुले किमया हेही पुढे असेच एका शिवारातून दुसऱ्या शिवारात गेले.

घरच्या बियाण्याचे काम खळ्यावर सुरू होत नाही, ते उभ्या पिकात सुरू होते. रानाचा जो तुकडा एकसारखा वाढला आहे, जिथे पाणी साचले नाही आणि पिवळ्या मोझॅकची झाडे दिसली नाहीत, तो बियाण्यासाठी धरतात. फुलोऱ्यात एकदा आणि शेंगा पिकताना एकदा त्यात फिरून वेगळी झाडे उपटायची. जांभळ्या फुलांच्या वाणात पांढऱ्या फुलांचे झाड लगेच ओळखू येते. शेंगेवरची लव आणि पिकण्याचा काळ यांवरून बाकीची भेसळ कळते. हे काम घरातल्या बाया फार चोख करतात. पुरुष तासाच्या कडेने चालतात, बाया तासात शिरतात, आणि शुद्धतेतला फरक पुढच्या वर्षी रानात दिसतो. त्या कामाची मजुरी मात्र कोणत्याच हिशेबात धरली जात नाही.

यानंतरचे पंधरा-वीस दिवस पावसाच्या हाती असतात. शेंगा पिकून पिवळ्या-तपकिरी झाल्या की पीक ताबडतोब काढावे लागते. नेमक्या त्याच सुमारास, सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात, परतीचा पाऊस येतो. शेंगेतला पिकलेला दाणा पावसात फुगतो, उन्हात आकसतो, पुन्हा फुगतो. या प्रत्येक फेऱ्यात साल ताणली जाते आणि बुरशीला वाट मिळते. काही वेळा दाणा शेंगेतच मोड धरतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने राज्यातले सोयाबीन असेच भिजले आणि त्याची किंमत २०२० च्या जूनमध्ये मोजावी लागली. मराठवाडा आणि विदर्भातून न उगवलेल्या बियाण्याच्या तक्रारी हजारोंनी आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. पेरणीच्या वेळी दिसणारी अडचण आठ महिने आधीच्या पावसात रुजलेली असते. तक्रार झाली की चौकशी दुकानापासून सुरू होते आणि पेरणीच्या खोलीपाशी थांबते. मागच्या ऑक्टोबरपर्यंत ती क्वचितच जाते.

पावसातून वाचलेले पीक गंजीला लागते. बियाण्याची गंज वेगळी लावायची, उंच करायची नाही आणि ताडपत्री दिवसा उघडून वारा द्यायचा, एवढे पथ्य असते. खरी कसोटी मळणीयंत्रावर लागते. बियाण्यासाठीची मळणी सावकाश हवी. दाण्यात १४ टक्क्यांच्या आसपास ओल असेल तर यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० ते ५०० असावेत, ओल १३ टक्के असेल तर ३०० ते ४००. याहून वेगात ड्रम फिरला की साल तडकते, काही दाण्यांची सरळ डाळ होते. फुटलेला दाणा चाळणीत निघून जातो. केसाएवढी चीर पडलेला दाणा मात्र पोत्यात जातो आणि जूनमध्ये मातीत कुजतो. मळणीयंत्र भाड्याचे असते आणि भाडे पोत्यावर किंवा क्विंटलवर ठरते. यंत्रवाल्याची कमाई दिवसभरात किती पोती निघाली यावर अवलंबून, आणि दुसरीकडे आभाळ भरून आलेले, शेजारचे दोघे यंत्राची वाट पाहत बांधावर उभे. अशा वेळी ट्रॅक्टरचा वेग कमी करायला सांगणाऱ्या शेतकऱ्याचे कोण ऐकणार? आमच्याकडे यावर एक तोड निघाली आहे. बियाण्याची गंज अगदी शेवटी, गर्दी ओसरल्यावर मळायची आणि त्या तासांचे भाडे पोत्यावर न ठरवता वेळेवर ठरवायचे. खर्च वाढतो, पण यंत्रवाल्याला घाई राहत नाही. बियाण्याच्या मळणीचे भाडे वेळेवर ठरवणे ही साधी गोष्ट गावोगाव रुळली, तर उगवणशक्तीत जेवढी भर पडेल तेवढी कोणत्याही औषधाने पडणार नाही, असे ठामपणे म्हणावेसे वाटते.

मळलेले सोयाबीन ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवतात. प्रमाणित बियाण्यात ओलीची कमाल मर्यादा १२ टक्के आहे. घरी राखायचे तर ती १० टक्क्यांपर्यंत आणलेली बरी, कारण पुढे कडक उन्हाळा असतो. वाळवण्याचा खर्च फक्त मजुरीचा नसतो. १४ टक्के ओलीचे १०० किलो सोयाबीन १० टक्क्यांवर आणले की त्याचे वजन साडेपंच्याण्णव किलो भरते. चाळणीत बारीक, फुटके आणि डागी दाणे गेले की आणखी घट येते. बाजाराचा कल याच्या उलट आहे. सरकारी खरेदी केंद्रांवर १२ टक्के ओलीची मर्यादा असते. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत वाढवली. भिजलेल्या पिकाने हवालदिल झालेल्या शेतकऱ्याला ती सवलत हवीच होती. पण त्यातून हेही दिसते की ओलसर माल लवकर विकणाऱ्याला वजनाचा फायदा मिळतो, आणि नीट वाळवून ठेवणाऱ्याची घट त्याच्या एकट्याच्या खात्यावर राहते.

साठवणीची जागा म्हणजे बहुतेक घरांत पत्र्याची एक खोली. तिथेच खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या, पेंड आणि फवारणीचा पंप. रासायनिक खत हवेतली ओल ओढून घेते आणि त्याच्या सोबतीत बियाणे खराब होते, म्हणून ती पोती आधी हलवावी लागतात. जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्या, भिंतीपासून अंतर, हवा खेळेल असे तागाचे बारदान आणि कमी उंचीची थप्पी, हे नियम सर्वांना माहीत आहेत. ते पाळणे जागेअभावी जमत नाही. तागाची पोती महाग झाल्यामुळे खताच्या रिकाम्या प्लॅस्टिक गोण्या वापरल्या जातात आणि त्यांत दाण्याची उष्णता कोंडते. थप्पी उंच गेली की खालच्या पोत्यातल्या दाण्यावर भार येतो. पोते डोक्यावरून धाडकन टाकण्याची हमालांची सवय गव्हाला चालून जाते. सोयाबीनला तोही मारच. सोयाबीनला भुंगेऱ्यांचा उपद्रव तुरीइतका होत नाही, त्यामुळे पोत्यात काही बिघडते आहे याची खूणच दिसत नाही. तुरीला छिद्र पडले की माणूस सावध होतो. सोयाबीन गुपचूप मरते.

एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालची खोली तापते. बीजशास्त्रात एक ढोबळ नियम सांगतात : बियाण्यातली ओल एका टक्क्याने किंवा साठवणीचे तापमान सुमारे ५ अंश सेल्सिअसने उतरले की बियाण्याचे आयुष्य दुप्पट होते. लातूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. तेव्हा हाच नियम उलट्या बाजूने काम करतो. पत्र्यावर उसाचे पाचट किंवा तुराट्या अंथरणे, खिडकी रात्री उघडी आणि दुपारी बंद ठेवणे, पोती मातीच्या भिंतीच्या जुन्या खोलीत हलवणे, असे उपाय करतात. जुनी माळवदाची घरे या कामाला उत्तम होती. ती पडत गेली आणि त्यांच्या जागी सिमेंट-पत्रा आला, तेव्हा बियाणे ठेवायची घरातली सर्वांत थंड जागा नाहीशी झाली, याचा विचार घर बांधताना कोणी केला नाही.

इथपर्यंतच्या अडचणी कष्टाने आवरता येतात. पैशाच्या अडचणी तशा आवरत नाहीत. ऑक्टोबरात सोयाबीन घरात येते, तेव्हा कृषी सेवा केंद्राची उधारी, मळणीचे भाडे, काढणीची उचल, दिवाळी आणि हरभऱ्याची पेरणी हे सगळे एकदम समोर असते. त्याच दिवसांत बाजारात आवक सर्वाधिक आणि भाव पडलेला. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारातले दर त्याच्या खाली होते. अशा वेळी दहा क्विंटल माल आठ महिने घरात ठेवणे म्हणजे तेवढी रक्कम अडकवून ठेवणे, आणि वर सावकाराचे किंवा दुकानदाराचे व्याज भरत राहणे. पाच एकरांच्या घराला स्वतःच्या पेरणीपुरते दीड क्विंटल राखणे जमते. विकण्यासाठी राखणे फक्त त्यालाच परवडते, ज्याचे पोट त्या मालावर अवलंबून नाही.

यावर तारण कर्जाचा मार्ग सुचवला जातो. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवला की त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी मिळते. धान्य म्हणून विकायच्या सोयाबीनसाठी योजना चांगली आहे आणि तिचा लाभ घेणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्चचा भाव पाहिलाही आहे. बियाण्याच्या मालाला तिचा मेळ बसत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस ठेवलेल्या मालाची मुदत एप्रिलच्या अखेरीस संपते आणि बियाण्याला गिऱ्हाईक मिळते ते मेच्या शेवटी आणि जूनमध्ये. शिवाय गोदामात पोती उंच थप्प्यांत लागतात आणि दोन वेळा चढ-उतार होते. मुदत जूनअखेरपर्यंत नेली आणि कमी उंचीच्या थप्पीसाठी थोडी जागा वेगळी राखली, तर हीच योजना बियाण्यालाही लागू पडेल.

विक्रीचे मार्ग मोजकेच आहेत. पहिला बाजार समितीचा. सर्वसाधारणपणे तिथे सोयाबीन तेलगिरणीच्या मालाप्रमाणे पाहिले जाते : ओल, काडीकचरा, डागी दाणे. दाणा उगवेल की नाही हा प्रश्नच तिथे नसतो. वाशिमसारख्या बाजारात ‘बिजवाई’ सोयाबीन म्हणून वेगळी बोली लागते आणि नेहमीच्या मालापेक्षा बराच जास्त दर मिळतो. पण ती खरेदी हंगामाच्या सुरुवातीलाच होते, खरेदीदार दाण्याचा रंग, आकार आणि वाण पाहून बोली लावतात, आणि पुढच्या आठ महिन्यांत वाढणारी किंमत खरेदी करणाऱ्याच्या वाट्याला जाते. तरीही साठवणीची जोखीम नको असणाऱ्याला हा सौदा वाजवी म्हणावा लागेल.

दुसरा मार्ग शेजाऱ्याला विकण्याचा. पूर्वी बियाणे सवाईने किंवा दिढीने दिले जाई. पेरणीला नेलेल्या पायलीच्या बदल्यात राशीवर सव्वा किंवा दीड पायली परत यायची. ज्वारी-मुगात ते चालत असे. सोयाबीनच्या पिशवीला रोख किंमत असल्यामुळे आता रोखीची भाषा आहे, पण व्यवहार उधारीचाच होतो. घेणारा ओळखीचा, त्याला नाही म्हणता येत नाही, आणि पैसे ऑक्टोबरात मिळतात. भाव बाजारातल्या पिशवीपेक्षा बराच कमी, धान्याच्या दरापेक्षा थोडा जास्त. उगवण कमी झाली तर पैसे तर जातातच, वर बोल लागतो. पेरणी खोल झाली, पेरल्यावर पंधरा दिवस पाऊस आला नाही, जमिनीचा वरचा थर कडक होऊन कोंब अडला, तरी दोष बियाण्याचा. गावात एका हंगामात ‘त्याचे बी उगवत नाही’ असे झाले की पुढची कितीतरी वर्षे त्याच्या दारात कोणी येत नाही. म्हणून चांगले बियाणे राखणारे अनेक जण सख्ख्या नातेवाइकांपलीकडे विकतच नाहीत.

कायद्याने ही विक्री बंद नाही. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार शेतकऱ्याला आपले उत्पादन, संरक्षित वाणाचे बियाणे धरून, राखता, पेरता, देवघेव करता आणि विकता येते. अट एकच : ते ‘ब्रँडेड’ नसावे, म्हणजे संरक्षित वाणाचे नाव छापून, वेष्टनात भरून, लेबल लावून विकता येत नाही. बियाण्याचा धंदा करायचा तर १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे परवाना लागतो. दोन्ही तरतुदींना कारण आहे. पण प्रत्यक्षात ज्या शेतकऱ्याचे बियाणे खरोखर चांगले आहे, त्याच्याकडे ते सिद्ध करण्याचा कागद नसतो. घेणाऱ्यालाही संरक्षण नसते. दुकानातले बियाणे उगवले नाही तर पावती, पिशवी आणि लेबल घेऊन तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येते, पंचनामा होतो. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केल्यामुळे ग्राहक आयोगाचीही वाट खुली आहे. घरच्या बियाण्याला पावती नाही, म्हणून यांतले काहीच लागू पडत नाही.

तिसरा मार्ग कंपनीसाठी, महाबीजसाठी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीसाठी बीजोत्पादनाचा. पायाभूत बियाणे घेऊन नोंदणी करायची, प्रमाणीकरण यंत्रणेकडून क्षेत्राची तपासणी करून घ्यायची, माल प्रक्रिया केंद्रावर न्यायचा. दर चांगला ठरतो आणि साठवण दुसऱ्याच्या गोदामात होते. पण नमुना उगवण चाचणीत नापास झाला की माल परत येतो, तोही अशा वेळी की दिवाळीनंतरचा भाव हातातून गेलेला असतो. पावसाळी ऑक्टोबर असेल त्या वर्षी नापास होण्याचे प्रमाण वाढते आणि नेमके त्याच वर्षी बियाण्याची टंचाई असते.

अलीकडे उन्हाळी सोयाबीन हा एक पर्याय पुढे आला आहे. डिसेंबर-जानेवारीत पेरून एप्रिल-मेमध्ये काढलेले बियाणे महिना-दीड महिनाच सांभाळायचे असते, त्यामुळे उगवणशक्ती घटायला वेळच मिळत नाही. त्याला पाणी मात्र हवे, आणि भर उन्हात काढलेला दाणा फार कोरडा होऊन मळणीत जास्त फुटतो. विहिरीला मेपर्यंत पाणी टिकणारे शेतकरी आमच्या भागात थोडेच. दुसरा पर्याय बियाणे बँकेचा सांगितला जातो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, आणि त्या कामामुळे घरच्या बियाण्याला पुन्हा मान आला. भाजीपाला, वाल, नागली यांचे बी मुठीने आणि पायलीने देता-घेता येते. सोयाबीनला क्विंटल लागतात. त्याच्या बँकेला चाळणी यंत्र, गोल आणि चपटे दाणे वेगळे करणारा स्पायरल सेपरेटर आणि थंड खोली लागेल. ते काम एका घराचे नाही, गटाचे आहे.

विश्वासाचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवणारी एक गोष्ट मात्र फुकट आहे : उगवण चाचणी. मेच्या मध्यावर प्रत्येक थप्पीतल्या वेगवेगळ्या पोत्यांतून मूठमूठ दाणे काढून एकत्र करायचे. त्यांतले न निवडता १०० दाणे मोजायचे. टपोरे तेवढेच घेतले तर चाचणीला अर्थ राहत नाही. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर ते दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा ठेवून हलकी गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचे. सात-आठ दिवसांनी उघडून ठणठणीत कोंब मोजायचे. वाकडे, तुटके, बुरशी आलेले कोंब धरायचे नाहीत. असे तीन संच करून सरासरी काढली की आकडा खात्रीचा होतो. ७० किंवा वर आले तर एकरी ३० किलो पुरे. ६० आले तर ३५ किलो. त्याखाली फार उतरले तर ते बियाणे नव्हे, धान्य समजून बाजारात न्यावे. मेमध्ये ते अजून धान्य म्हणून विकले जाते. गुंडाळी घेणाऱ्याच्या समोर उघडली तर जूनमधला बोल टळतो. कृषी सहायकाने अशा चाचणीवर तारीख घालून सही केली आणि ती चिठ्ठी पोत्याला बांधता आली, तर घरच्या बियाण्याला हवा असलेला कागद मिळेल. प्रयोगशाळेइतके वजन तिला नसेल, पण गावातल्या व्यवहाराला ती पुरेल.

विक्रीचे दिवस फार थोडे असतात. मृगाचा पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाला आणि वापसा आला की आठवड्याभरात सारे शिवार पेरून होते. त्या आठवड्यात भाव तेजीत असतो. पाऊस लांबला तर लोक तुरीकडे, कपाशीकडे वळतात आणि बियाणे घरात पडून राहते. पेरणी उलटली तर दुबार पेरणीसाठी एकाएकी मागणी येते, पण तोवर बहुतेकांनी शिल्लक माल धान्याच्या भावात काढून टाकलेला असतो. पुढच्या वर्षासाठी तो ठेवताही येत नाही, कारण दुसऱ्या उन्हाळ्यात सोयाबीनची उगवण टिकत नाही.

याच कारणाने घरचे बियाणे विकताना त्याला औषध लावत नाहीत. बुरशीनाशक चोळलेले सोयाबीन न विकले गेल्यास ते ना गिरणीला देता येते, ना जनावरांना घालता येते. बीजप्रक्रिया घेणाऱ्याने पेरणीच्या दिवशी करायची असते : आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, सावलीत वाळवण आणि त्याच दिवशी तीन-चार सेंटिमीटर खोलीवर पेरणी. दाणे पोत्यात घालून घोळायचे नाहीत. ताडपत्रीवर पसरून हलक्या हाताने वरखाली करायचे, कारण इथेही साल तडकते.